अठ्ठावन्न लाडू

"खालचा थर," ऐवळे सर म्हणाले. "वरच्या थरात तीस लाडू, खालच्या थरात अठ्ठावीस. डबा खाली जरा निमुळता असणार, म्हणून दोन कमी बसले. झाले अठ्ठावन्न."

"पण डबा निमुळता आहे असं प्रश्नात कुठाय?" मोटेबाईंनी विचारलं.

"सगळंच सरांनी लिहून द्यायचं का बाई? पोरांनी काही डोकं चालवायचं की नाही?"

चित्रकलेच्या हॉलमध्ये सतरंजीवर चौदा शिक्षक बसले होते, त्यातल्या अकरा जणांनी माना डोलावल्या. दोघांनी कागदाच्या कोपऱ्यात निमुळता डबा काढून बघितला. मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. जानेवारी महिना होता, हॉलमध्ये पंखाही नव्हता आणि तशी गरजही नव्हती. पण तो प्रश्न कुणी खाल्ला हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

ही गोष्ट २०११ सालची, आटपाडीची. आमच्या तालुक्यात तालुका गणित मंडळ नावाचं एक मंडळ होतं, आणि मंडळ म्हणजे विभूते सर. सातवीच्या मुलांसाठी दरवर्षी एक परीक्षा, शंभर गुणांची. एकतीस वर्षं सर पेपर काढत होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्या पेपरात एक चूक सापडली नव्हती. तालुक्यात दुसऱ्या कशाबद्दल कुणाचं एकमत नसायचं, पण याबद्दल होतं. त्या हॉलमधले चौदाच्या चौदा शिक्षक सरांच्या हाताखाली शिकून शिक्षक झालेले. मीही त्यांचाच, पण शिक्षक व्हायची माझी लायकी नाही असं सरांनी मला नववीतच सांगून टाकलं होतं, म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये गेलो.

त्या वर्षी परीक्षेला मोठं बक्षीस होतं. पुण्यात मे महिन्यात गणिताचं एक शिबिर व्हायचं, महिनाभर, राहून. आमच्या तालुक्याला त्यात पहिल्यांदाच जागा मिळाली होती. एकच जागा. पहिला येईल तो जाणार, आणि शिबिर फक्त सातवीसाठी, म्हणजे पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची सोय नव्हती.

आणि त्याच वर्षी मला अवदसा आठवली. मी सरांकडे जाऊन म्हणालो, "सर, चौदा केंद्रांवर गठ्ठे घेऊन माणसं पाठवता, त्यापेक्षा मी तुम्हाला वेब सर्व्हिस करून देतो. इथं बटण दाबलं की पेपर चौदाही ठिकाणच्या कॉम्प्युटरवर. तिथं छापायचा आणि वाटायचा."

"चूक नाही ना होणार?" सरांनी विचारलं.

"मशीन कसं चूक करेल सर?"

हे वाक्य मी बोललोय. नाकारत नाही.

आता जे झालं ते सांगतो, सोपं आहे. पेपर पाठवताना तो एक्सएमएल नावाच्या पाकिटात घालायचा असतो. त्या पाकिटावर मशीनसाठी सूचना असतात, इथं प्रश्न सुरू, इथं प्रश्न संपला, अशा. प्रत्येक सूचना टोकदार कंसात लिहितात. आता गंमत अशी की टोकदार कंसाचं डावं चिन्ह म्हणजेच गणितातलं 'पेक्षा लहान', आणि उजवं म्हणजे 'पेक्षा मोठा'. मजकुरातच तसलं चिन्ह आलं तर मशीनला वाटतं, सूचना सुरू झाली. म्हणून त्या चिन्हाला वेश बदलून पाठवायचं असतं. 'पेक्षा लहान' असेल तर ॲम्परसँड, एल, टी, अर्धविराम असं लिहायचं, पलीकडे पोचलं की मशीन त्याचं परत चिन्ह करतं. याला एस्केपिंग म्हणतात. कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या धड्यात असतं. आज माझ्याकडे सहा जण कामाला आहेत, त्यांना मी हे पहिल्या दिवशी चहाच्या आधी सांगतो.

तेव्हाही मला ते येत होतं. पण शनिवारी दुपारी टेस्टिंगला मागच्या वर्षीचा पेपर पाठवला तर एररवर एरर. तो पेपर वर्डमधला, आणि वर्ड स्वतःच्या पोटातल्या शंभर सूचना बरोबर पाठवत होतं, हे ठळक कर, ते तिरकं कर. सगळ्या टोकदार कंसात. एकेक काढत कोण बसणार? मी एक ओळ लिहिली. टोकदार कंस उघडल्यापासून मिटेपर्यंत मध्ये जे काही असेल ते उडव. लगेच सगळं सुरळीत चालायला लागलं. मी खूश होऊन दोन वडे खाल्ले.

त्या वर्षीच्या पेपराची टेस्ट घ्यायचा प्रश्नच नव्हता. गुप्तता. सर रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन आले, स्वतः फाइल चढवली, आणि "वर बघ," म्हणाले. मी छताकडे बघत बटण दाबलं.

पेपरातला शेवटचा प्रश्न दहा गुणांचा होता. सरांनी लिहिला होता तो असा: एका डब्यात x लाडू आहेत. x < ७० असून लाडू पाच-पाच मांडल्यास तीन उरतात, सात-सात मांडल्यास दोन उरतात आणि x > ३० आहे. तर डब्यात किती लाडू आहेत? रीत लिहा.

माझ्या ओळीनं पहिल्या चिन्हापासून दुसऱ्या चिन्हापर्यंत सगळं उडवलं. चौदा केंद्रांवर दोनशे अकरा मुलांच्या हातात पडला तो असा: एका डब्यात x लाडू आहेत. x ३० आहे. तर डब्यात किती लाडू आहेत? रीत लिहा.

आणि कुणीही काहीही बोललं नाही. दिघंचीला एका मुलानं हात वर केला तर केंद्रप्रमुख म्हणाले, "सरांचा प्रश्न आहे, दिसतो तसा नसतो. विचार कर." खरसुंडीला पर्यवेक्षकांनी स्वतः पंधरा मिनिटं विचार केला आणि त्यांना घाम फुटला. सरांना फोन करून विचारावं असं चौदांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. सरांना विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करायचं, तेही चाळिशीला.

स्वतः सरांनीही छापलेला पेपर बघितला नव्हता. परीक्षेच्या दिवशी ते हॉलमध्ये येतच नसत. फार पूर्वी ते पर्यवेक्षण करायचे तेव्हा कुणी चुकीचं उत्तर लिहिलं की त्यांची डावी भुवई वर जायची. एका वर्षी सगळ्या वर्गानं भुवई बघून पेपर सोडवला. तेव्हापासून सर बाहेर लिंबाच्या झाडाखाली, शाळेकडे पाठ करून, खुर्चीत बसत. तपासणी संपून बेरजा होईपर्यंत तसेच. त्या दिवशीही बसले होते, शेंगा खात.

तर चौदाही केंद्रांवरच्या उत्तरपत्रिका आटपाडीच्या हॉलमध्ये आल्या आणि दुपारी एक वाजता उत्तरांचं बंद पाकीट फोडलं. एकोणीस प्रश्न सुरळीत गेले, नव्वद गुण. मग मोटेबाईंनी शेवटची ओळ वाचली, "प्रश्न वीस. उत्तर, अठ्ठावन्न." सगळ्यांनी पुन्हा प्रश्न वाचला. मीही तेव्हाच पहिल्यांदा वाचला आणि 'x ३० आहे' मधली ती मोकळी जागा दिसल्याबरोबर मला माझी ती एक ओळ आठवली.

"छपाई चुकली असेल का?" मोटेबाई हळूच म्हणाल्या.

"लेंगरेनं केलंय," ऐवळे सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मशीननं आलंय. चौदाही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं आहे. छपाईची चूक असती तर एका ठिकाणी झाली असती."

माझी चूक इतकी व्यवस्थित झाली होती की तीच बरोबर असल्याचा पुरावा ठरली होती.

मग सुरू झाले थर. निमुळत्या डब्यावर समाधान न झालेले एक सर म्हणाले की अठ्ठावीस हा फेब्रुवारी असावा, कारण परीक्षा दरवेळी फेब्रुवारीत होते, यंदाच जानेवारीत आली. दुसऱ्यांनी सुचवलं की x हा रोमन अंक धरला तर दहा होतात. मग तीस आणि दहा, चाळीस. अठरा कमी पडले. ते अठरा मिळवण्यासाठी चौघं जण एका कागदावर ओणवे झाले.

"लेंगरे," मोटेबाई म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला. तुला काय वाटतं?"

हीच वेळ होती. तोंड उघडून सांगायचं, बाई, माझी चूक आहे. तोंड मी उघडलं. पण समोर चौदा गुरुजन, बाहेर सर, आणि नववीतलं ते वाक्य अजून माझ्या कानात होतं.

"कॉम्प्युटरमध्ये," मी म्हणालो, "सोळाच्या हिशेबानं मोजतात. तिथं तीस लिहिलं तर ते आपले अठ्ठेचाळीस होतात."

"अठ्ठेचाळीस," ऐवळे सर ताठ झाले. "दहा कमी पडतात फक्त."

"दहा गुणांचा प्रश्न आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"अठ्ठेचाळीस अधिक दहा."

"अठ्ठावन्न."

काय सांगू, त्या हॉलमध्ये जो आनंद झाला तसा मी नंतर कुठल्या लग्नातही बघितला नाही. एका सरांनी डोळे पुसले. "यंदा पेपर कॉम्प्युटरवरून येणार होता ना," ऐवळे सर म्हणाले, "म्हणून सरांनी मुद्दाम कॉम्प्युटरचा प्रश्न घातला. या वयात माणूस शिकतोय बघा." त्यांनी उठून फळ्यावर ती रीत सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि कंसात माझं नाव लिहिलं. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मग उत्तरपत्रिका. दोनशे दहा मुलांनी तीस लिहिलं होतं. पण दहा गुणांसाठी नुसतं तीस कसं लिहिणार, म्हणून प्रत्येकानं रीत दाखवली होती. एकानं पानभर समीकरण मांडून शेवटी तीस बरोबर तीस असा पडताळा घेतला होता. एकानं तीस लाडू काढले होते, प्रत्येकावर बेदाणा. एका मुलीनं लिहिलं होतं की लाडू तीस आहेत, पण प्रश्न सकाळी काढला असल्यास आता किती असतील ते सांगता येत नाही.

"सोळाचा हिशेब सातवीच्या पोरांना कुठनं येणार," ऐवळे सर म्हणाले. "पण प्रयत्न आहे. तीसला पाच गुण देऊ."

सगळ्यांना पटलं. राहिली एक उत्तरपत्रिका, नंबर एकशे चौदा. ती मोटेबाईंच्या हातात होती आणि बाई ती दुसऱ्यांदा वाचत होत्या.

"काय लिहिलंय?" ऐवळे सरांनी विचारलं.

बाईंनी वाचलं. "या प्रश्नातला मधला भाग राहून गेला आहे. लाडू किती ते सांगून परत लाडू किती असं कुणी विचारत नाही, आणि त्याला दहा गुण तर कुणीच देत नाही. म्हणून मी हा प्रश्न सोडवला नाही."

कुणीतरी सतरंजीवरचा धागा ओढायला लागलं.

"शून्य," ऐवळे सर म्हणाले. "आणि वर शेरा मारा, उद्धटपणा."

"बाकीचे सगळे बरोबर आहेत सर. नव्वदपैकी नव्वद."

"असतील. म्हणून सरांची चूक काढायची? तुम्ही आम्ही कधी काढली?"

बाईंनी शून्य लिहिलं. शेरा मात्र लिहिला नाही. मी आकडे कॉम्प्युटरवर चढवले आणि क्रम लावला. पहिला सत्त्याऐंशी नंबर, शहाऐंशी अधिक पाच, एक्याण्णव. दुसरा एकशे चौदा, नव्वद. बाईंनी नावावरची चिकटवलेली पट्टी काढली आणि नाव वाचलं.

"शाहीन मुलाणी," त्या म्हणाल्या. "दिघंची. माझ्या शाळेतली आहे. चौथीत असताना एकदा भर वर्गात मला म्हणाली होती, बाई, तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे."

"मग?"

"होतं पुढं."

त्या पट्टीची घडी घालत बसल्या. मी स्क्रीनवरच्या त्या शून्याकडे बघत होतो. ते मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. दोनशे अकरा मुलं आणि चौदा शिक्षक यांच्यात एकीलाच खरं दिसलं होतं, आणि तिची पुण्याची जागा मी खाल्ली होती. एका वेळी दोन वडे खाणारा माणूस मी, पण हे मला पचेना. माझी मलाच लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. मी उठलो आणि लघवीला जातो असं सांगून लिंबाच्या झाडाकडे गेलो.

सरांच्या पाठीमागे उभा राहिलो.

"सर, एक चूक झालीय."

"कुणाची?" सरांनी मागं न बघता विचारलं.

"मशीनची."

"मशीनला नाव आहे का काही?"

"लेंगरे."

सरांनी शेंगांचा पुडा मांडीवरून खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, पाकीट, टोकदार कंस, वेश बदलणं, माझी ती ओळ. मध्ये एकदाही त्यांनी तोडलं नाही.

"म्हणजे माझी चिन्हं तुझ्या मशीनला त्याची स्वतःची वाटली."

"हो सर."

"ती सांभाळून न्यायचं काम कुणाचं?"

"माझं."

"आणि तू काय केलंस?"

"मधलं सगळं उडवलं."

"न वाचता?"

"छताकडे बघत होतो सर. तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांची डावी भुवई वर गेली. पण ते लगेच उठले आणि हॉलकडे निघाले, मी मागे. दारात त्यांना बघून चौदा जण एकदम उभे राहिले. सरांनी एक पेपर मागून घेतला, शेवटचा प्रश्न वाचला. मग मान वर केली आणि त्यांना फळा दिसला.

तीस म्हणजे अठ्ठेचाळीस, अधिक गुण दहा, म्हणून अठ्ठावन्न. खाली दोन रेघा.

सर बराच वेळ फळ्यासमोर उभे होते. ऐवळे सरांना वाटलं ते कौतुकानं बघतायत. "लेंगरेनं काढलं सर," ते म्हणाले. "पण तुमचा रोख आम्हाला आधीच कळला होता. मी थरांनी सोडवला होता."

"थरांनी," सर म्हणाले.

"डबा निमुळता धरला."

सरांनी खडू घेतला आणि शेजारी आपला मूळ प्रश्न लिहिला, पूर्ण, दोन्ही चिन्हांसकट. मग ते वळले आणि भिंतीकडे सरकवलेल्या एका बाकावर बसले, विद्यार्थ्यांच्या. ते असे बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"मी तुम्हाला हे शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यापेक्षा वाईट होता, दुखावलेला होता. "तीसमधून अठ्ठावन्न काढायला? चौदा जण आहात. बाहेर मी वीस पावलांवर बसलोय. एकाला वाटलं नाही की जाऊन विचारावं, सर, हे काय लिहिलंय?"

"तुमची चूक कशी असेल सर?" ऐवळे सर म्हणाले. बिचारे अगदी मनापासून म्हणाले.

सरांनी डोळे मिटले. "कुणीच नाही विचारलं?"

मोटेबाईंनी एकशे चौदा नंबर पुढे केला. सरांनी तीन ओळी वाचल्या, परत वाचल्या. मग खिशातून पेन काढून शून्य खोडलं आणि दहा लिहिलं.

"जो प्रश्न पोचला त्याचं उत्तर तीसच आहे," ते म्हणाले. "तीस लिहिणाऱ्या सगळ्यांना दहा द्या. हिलाही दहा."

"आणि सर, अठ्ठावन्न?" ऐवळे सरांनी विचारलं.

"त्यांना शून्य. तेवढ्यांची नावं माझ्यासमोरच आहेत."

मी पुन्हा क्रम लावला. सत्त्याऐंशी नंबर शहाण्णव, शाहीन मुलाणी शंभर.

पाच वाजता पटांगणात बक्षीस समारंभ होता. मुलं, पालक, मांडव, माइक, मागे शाळेचा फिरता फळा. सरांनी माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पेपर चुकीचा पोचला, ती चूक मंडळाची, आणि ती एका मुलीनं दाखवली. मग शाहीनला वर बोलावलं. दोन वेण्या, एवढीशी, चपलेचा बंद बोटांत घट्ट धरून चालणारी. तिचे वडील खाली शेवटच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि थांबायला तयार नव्हते.

"मेमध्ये पुण्याला जायचं," सर तिला म्हणाले. "जाशील ना?"

"जाईन की."

"दोन शब्द बोल."

तिनं माइक घेतला, वडिलांकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, आता जागा नक्की झाली ना? परत काढून घेणार नाही ना?"

"नाही."

"मग अजून एक आहे. सातवा प्रश्न पण चुकलाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, माझ्याकडे सगळं बरोबर होतं, सातव्यात एकही टोकदार चिन्ह नव्हतं. सातवा प्रश्न मला पाठ होता. त्रिकोणी बागेच्या बाजू चाळीस, पन्नास आणि नव्वद मीटर आहेत, तर कुंपणाला किती तार लागेल? एकशे ऐंशी. पाच गुण.

"काय चुकलंय?" सरांनी विचारलं.

"चाळीस न् पन्नास मिळून नव्वदच होतात," शाहीन म्हणाली. "मग त्या दोन बाजू तिसरीवर आडव्याच पडतात. आत जागाच उरत नाही. ती बाग नाही सर, रेघ आहे."

सर वळून फळ्याकडे गेले. त्यांनी आडवी रेघ मारली, तिच्यावर नव्वद लिहिलं. एका टोकापासून चाळीस मोजले, दुसऱ्या टोकापासून पन्नास. बाग उभी करायला वर जागा शोधत खडू थोडा वेळ हवेत फिरला आणि परत रेघेवर येऊन टेकला.

"हा प्रश्न मी दर तीन-चार वर्षांनी घालतो," ते म्हणाले. "ऐंशी सालापासून."

पहिल्या रांगेत ऐवळे सर आणि मोटेबाई एकमेकांकडे बघायला लागले. त्या दोघांना आपापल्या वर्षी एकशे ऐंशीचे पाचपैकी पाच मिळाले होते. मलाही मिळाले होते.

"मग तू उत्तर काय लिहिलंस?" सरांनी तिला विचारलं.

"एकशे ऐंशी."

"चूक आहे हे माहीत असून?"

"एकाच पेपरात दोन चुका दाखवल्या असत्या तर पेपर फाडून टाकला असता कुणीतरी," ती म्हणाली. "म्हणून दहा गुणांची दाखवली. पाचाची ठेवली होती, जागा मिळाल्यावर सांगू म्हणून."

सरांनी खडू खाली ठेवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते इतके हसायला लागले की त्यांना फळ्याला धरून उभं राहावं लागलं. विभूते सर हसतात हेच तालुक्याला ठाऊक नव्हतं. आधी कुणाला हसायचा धीर होईना, मग शाहीनचे वडील हसले, आणि मग सगळा मांडव.

डोळे पुसून, शाहीनच्या हातातून माइक परत घेऊन सर माझ्याजवळ आले आणि माझ्या कानाशी वाकले.

"लेंगरे, तुझ्या मशीनला एक प्रश्न खायचाच होता, तर सातवा खायला काय झालं होतं रे?"

हातातला माइक चालू आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.